शू बाळाने केली नव्हती

चिऊचं बारसं आम्ही जरा उशिराच केलं, ती दोन महिन्यांची झाल्यावर, कारण बाराव्या दिवशी मला धड मांडी घालून बसताही येत नव्हतं, आणि नणंदेला सुट्टी मिळेल तेव्हाच ती पुण्याहून येणार, आणि आत्याशिवाय बारसं कसं होणार. ठाण्याला नौपाड्यात एक छोटासा हॉल घेतला होता. पाळण्याला शेवंतीच्या माळा, ओटीचं सामान, घुगऱ्या, सगळं साग्रसंगीत. मला आईने तिची मोरपंखी पैठणी नेसवली होती, जी तिने माझ्या लग्नात घेतली आणि नंतर "खराब होईल" म्हणून स्वतः फारतर दोनदा नेसली.

नणंद पाळण्यावर वाकली, चिऊच्या कानात कुर्रर्र केलं आणि रिवाजाप्रमाणे बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. त्यात आमच्या एका मामींनी असा काही सणसणीत घातला की नणंद पाळण्यातच जायची बाकी राहिली, आणि मी हसले. खदाखदा हसले, दोन महिन्यांत पहिल्यांदा असं पोटातून हसू आलं होतं. आणि हसता हसताच कळलं की खाली काहीतरी गरम गरम झालंय आणि ते थांबत नाहीये.

थेंबभर नाही हां. थेंबाची मला तोवर सवय झाली होती.

मी काय केलं असेल तर पाळण्यातून चिऊला पटकन उचललं, मांडीवर घेतलं आणि जोरात बोलले, "अगं बाई, हिने शू केली वाटतं माझ्यावर!" सगळ्या हसल्या. कोणीतरी बोललं, नाव आवडलं हो तिला. आई तेवढी हसली नाही. तिने चिऊच्या डायपरला हात लावून पाहिला, जो कोरडा ठणठणीत होता, मग माझ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता आपल्या खांद्यावरची शाल काढून माझ्या कमरेला गुंडाळली. नंतर आतल्या खोलीत साडी बदलताना एवढंच बोलली, "होतं असं."

मला वाटतं मी हा सगळा लेख त्या दोन शब्दांबद्दलच लिहितेय.

सुरुवात खरं तर हॉस्पिटलमध्येच झाली होती. चिऊ ३ किलो ६०० ग्रॅमची, कळा देऊन देऊन मी अर्धमेली झालेली, शेवटी डॉक्टरांनी चिमटा लावून तिला बाहेर काढलं. पुढचे काही दिवस रक्त, टाके, दूध येतंय का, बाळाची कावीळ, ह्यात लघवी हा विषय कोणाच्याच यादीत नव्हता, माझ्याही नाही. डिस्चार्जच्या वेळी जी फाईल मिळाली त्यात चिऊच्या लसींचा तक्ता होता, दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, प्रत्येक तारखेला चौकट. माझ्यासाठी लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम आणि "टाके कोरडे ठेवा" अशी एक ओळ. कोरडे ठेवा! मी बेडवरून उठून बाथरूमच्या दारापर्यंत कोरडी पोचत नव्हते.

दीड महिन्यांनी दाखवायला गेले तेव्हा टाके बघितले, दूध पाजताय ना विचारलं, पुढचं मूल लगेच नको असेल तर तांबी बसवून घ्या सांगितलं. मी निघता निघता, अगदी दारात हात ठेवून, कारण असल्या गोष्टी आपण दारातच बोलतो, "डॉक्टर ते शिंकताना जरा..." म्हटलं. "होतं हो, जाईल हळूहळू." पुढची पेशंट आत आलीसुद्धा.

आता हे खोटं नाही, हे मला नंतर कळलं. साधारण तीनातल्या एका बाईला बाळंतपणानंतर कमी-जास्त हा त्रास होतो, आणि पुष्कळ जणींचा पहिल्या काही महिन्यांत बराच कमीही होतो. म्हणजे "होतं असं" हे माहिती म्हणून अगदी बरोबर आहे. पण आपल्याकडे ते माहिती म्हणून सांगतच नाहीत, दार लावून घ्यायला सांगतात. ताप आला तर कोणी "होतं असं" म्हणून झोपत नाही ना, निदान क्रोसिन तरी देतात.

सगळ्या गोतावळ्यात मला सरळ तोंडावर प्रश्न विचारणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे मालिशवाल्या मावशी. कळव्याहून यायच्या, सकाळी साडेसातला हजर, आधी चिऊची आंघोळ मग माझी मालिश मग शेकशेगडी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाय चोळता चोळता त्यांनी विचारलं, "ताई, खोकताना-शिंकताना धरता येतंय का? खाली जड जड, अंग उतरल्यासारखं काय वाटतं का?" मी इंजिनिअर बाई, नाही बोलले. लाज वाटली. तर त्या त्यांच्याच तंद्रीत बोलल्या, "माझं उतरलंय. चौथ्या खेपेपासनं. आठव्या दिवशी डोक्यावर हंडा घेतला होता ना." आणि परत तेल हातावर घेऊन उकिडवं बसून माझा दुसरा पाय चोळायला लागल्या. चार लेकरं झालेली, अंग उतरलेली म्हणजे गर्भाशय खाली सरकलेली बाई रोज तीन घरी उकिडवं बसून दुसऱ्यांच्या बाळंतिणींना सव्वा महिना आराम करा, वजन उचलू नका सांगते, ह्याच्यावर मी तेव्हा विचारसुद्धा केला नाही. आता करते.

सव्वीस आठवड्यांची रजा संपली (२०१७ पासून कायद्याने मिळते ती, त्याआधीच्या बायकांनी बारा आठवड्यांत कसं काय उभं राहून दाखवलं देव जाणे) आणि मी ऐरोलीच्या ऑफिसला परत जायला लागले. आम्ही राहतो वाघबीळच्या बाजूला. ज्यांना घोडबंदर रोड माहितीये त्यांना पुढे सांगायची गरज नाही, पण बाकीच्यांसाठी सांगते, तिथे मेट्रोचं काम, पाइपलाइनचं काम, सर्व्हिस रोडचं काम आणि खड्ड्यांचं काम असं सगळं एकदम चालू असतं. लोक खड्ड्याने कंबर मोडते म्हणतात. माझा प्रत्येक खड्ड्याला एक थेंब जायचा. मानपाड्याच्या आधीचा, कापूरबावडीच्या पुलाखालचा, माजिवड्याला वळतानाचा, मला सगळे पाठ होते, रिक्षा तिथे पोचायच्या आधी मी रॉड घट्ट धरून सीटवरून अर्धी उचलून बसायचे आणि रिक्षावाल्याला वाटायचं मॅडम घाबरल्या. "मॅडम आराम से बैठो." बस बाबा तूच.

आठ महिने मी फक्त काळ्या लेगिंग आणि लांब कुर्ते घातले. ऑफिसमधल्या एका मुलीने मला विचारलं की तू काहीतरी व्रत वगैरे करतेयस का. पर्समध्ये पॅड, जास्तीची चड्डी, एक प्लॅस्टिकची पिशवी, छोटी अत्तराची बाटली. आणि पॅड पण चुकीचे, कारण मी आपले नेहमीचे पाळीचे पॅड लावत होते. ते रक्तासाठी बनवलेले असतात, लघवी एकदम आणि पातळ येते, ती पाळीच्या पॅडवर पसरते आणि वास मारायला लागते. लघवीसाठी वेगळे पॅड मिळतात. पण मेडिकलमध्ये ते मागायला गेलं की तो माणूस जो पुडा काढतो त्याच्यावर पांढऱ्या केसांचे हसरे आजी-आजोबा असतात. वय वर्षं ३१, मी तो पुडा बघितला आणि स्ट्रेप्सिल्स घेऊन घरी आले.

मग डोक्यात एक नकाशा तयार झाला. कुठे बाथरूम आहे, कुठे बऱ्यापैकी आहे, कुठे आहे पण कुलूप आहे. घरून निघताना जायचं, स्टेशनला पोचल्यावर जायचं, ऑफिसला पोचल्या पोचल्या जायचं, मीटिंगच्या आधी, मीटिंग संपल्यावर, लागली असो नसो. देशातली पहिली पॅसेंजर गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून आमच्या ठाण्याला आली त्याचं आम्हाला केवढं कौतुक, पण आजही लोकलमध्ये बाथरूम नाही आणि स्टेशनवरच्यात जायचं म्हणजे श्वास रोखून. मुंबईत बायकांनी २०११ पासून "राइट टू पी" म्हणून मोहीम चालवली तेव्हा मी कॉलेजात होते आणि आम्ही त्या नावावर फिदीफिदी हसलो होतो. हसा अजून.

आणि पाणी कमी केलं. दिवसाला तीन ग्लास. ह्याच्यासारखा मूर्खपणा नाही, पण जवळजवळ प्रत्येक जण हाच करते. अंगावर पाजतेय, बाहेर भर उन्हाळा, आणि मी घोट घोट पाणी पितेय. झालं काय, तर शौचाला खडा, खडा म्हणून जोर, जोर केला की खालचे आधीच ताणलेले स्नायू आणखी ताणले जाणार. लघवी गडद पिवळी, आणि अशी दाट लघवी मूत्राशयाला टोचते म्हणून उलट सारखी लागल्यासारखं वाटणार. वर युरिन इन्फेक्शन झालं, थंडी वाजून ताप आला, तेव्हा कुठे नवऱ्याला सगळं सांगितलं. पैठणीपासून सांगितलं. तो आधी गप्प बसला, मग बोलला, "म्हणजे बारशाच्या दिवशीच तू पोरीला नावं ठेवलीस?" मला एवढं हसू आलं की परत उठून कपडे बदलावे लागले. पण त्यानेच दुसऱ्या दिवशी बसून शोधाशोध केली आणि मला सांगितलं की ह्याची वेगळी फिजिओथेरपी असते. मला फिजिओ म्हणजे गुडघे आणि फ्रोझन शोल्डर एवढंच माहिती होतं.

त्या तापाच्या दिवसांत पडल्या पडल्या मला आजी सारखी आठवत होती. आईची आई. चरईत दोन खोल्या, सहा बाळंतपणं, सगळी घरीच. आजी एकेकाळी कोपिनेश्वराच्या देवळात रोज कीर्तनाला जायची म्हणे, आम्ही बघितली ती आजी मात्र कुठेच जायची नाही. "गुडघे दुखतात गं." लग्नाला नाही, मुंजीला नाही, तलावपाळीवर चक्कर मारायला सुद्धा नाही, आणि घराच्या आत मात्र टुणटुण चालायची, माळ्यावर चढून पापडाचे डबे काढायची, मग गुडघे फक्त बाहेर पडतानाच कसे दुखायचे हे आम्हाला कधी सुचलं नाही. तिच्या खोलीत कापूर आणि फिनेलचा वास यायचा, इतका की आम्ही पोरं नाक दाबून आत जायचो आणि एकमेकांना कोपरं मारायचो. दोरीवर तिचे जुन्या लुगड्याचे चौकोनी फडके वाळत असायचे, नेहमी टॉवेलच्या खाली, झाकून. मी एकदा एका फडक्याने पाटी पुसली होती तर तिने ते हातातून हिसकावून घेतलं. गणपतीत आरतीला ती उंबऱ्याच्या बाहेर उभी राहायची. "माझं अंग धड नाही, तुम्ही करा." आम्हाला वाटायचं म्हातारीचं सोवळं.

ती वारली २००९ साली. तोवर तिने किती वर्षं देवाला हात लावला नव्हता ते मला माहिती नाही. तिच्या त्या दुखण्याला घरात नाव नव्हतं. गुडघे हे नाव होतं.

आणि मग आई. आई कधीच आमच्याबरोबर बसने कुठे आली नाही, "मला गाडी लागते". नाटकाला गेलो की तिला कडेची खुर्ची लागायची, विनोदी नाटक असेल तर हटकून. हसू आलं की ती एक पाय दुसऱ्यावर टाकून जरा वाकून हसायची, ते तिचं हसणंच तसं आहे असं मला वाटायचं, लहानपणी मी त्याची नक्कल करायचे. आजीचे गुडघे, आईची गाडी, आणि मी तर सरळ दोन महिन्यांच्या पोरीवर ढकलून मोकळी.

फिजिओ मुलगी माझ्याहून लहान असेल. पहिला अर्धा तास तिने नुसते प्रश्न विचारले आणि एकदाही "होतं असं" बोलली नाही. जळजळ आहे का, लघवीत रक्त दिसतं का, पूर्ण होत नाही असं वाटतं का, गॅस किंवा शी धरता येते का, खाली गोळा आल्यासारखं वाटतं का, ह्यातलं काही असतं तर आधी डॉक्टरांकडे पाठवलं असतं म्हणाली. खोकला-शिंक-उडी मारताना जाते ती वेगळी आणि एकदम लागते, दाराला चावी लावेपर्यंत धरवत नाही ती वेगळी. मला दोन्ही होतं. डबल मजा.

मग तिने मला तीन दिवसांची वही लिहायला लावली. काय प्यायलं, किती वाजता गेलं, किती मिली झाली. होय, मोजून. स्वयंपाकघरातला केक-बिक करायचा मापाचा कप त्या कामी आला आणि त्याने तिथेच संन्यास घेतला. वही बघून मला स्वतःलाच धक्का बसला, दिवसातून चौदा वेळा, आणि त्यातल्या कित्येक वेळा ७०-८० मिली. साधारण माणूस सहा ते आठ वेळा जातो आणि मूत्राशयात आरामात ३००-४०० मिली मावते. "ही लागलेली नाही, ही सवय आहे," ती बोलली. जाऊन येऊ, जाऊन येऊ करत मी मूत्राशयाला शिकवलं होतं की पाव भरलास तरी ओरड. वर सासूबाईंबरोबर पाच कप चहा.

आतून तपासायला आधी नीट विचारलं, नको असेल तर नको म्हणाली, मी हो बोलले. हातमोजा घातलेलं बोट, आणि "आता आवळ" म्हणाली. मी आवळलं. श्वास रोखला, कुल्ले घट्ट केले, दात-ओठ खाल्ले. तिने विचारलं हे किती दिवस करतेयस. मी अभिमानाने सांगितलं तीन महिने, यूट्यूब बघून. "तू खाली ढकलतेयस," ती बोलली. तीन महिने मी इमाने इतबारे उलटा व्यायाम करत होते! नुसतं तोंडी सांगून किंवा वाचून करणाऱ्या पुष्कळ बायकांचं हेच होतं म्हणे. मग तिने जे सांगितलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "देवळात आरती चालूये, सगळे शांत, आणि तुला गॅस आला. काय करशील?" मी हसले नाही, कारण हसले असते तर तिच्या टेबलाचं काही खरं नव्हतं, पण झटकन कळलं. मागून सुरू करायचं, तेच पुढे आणायचं, आणि वर, लिफ्टसारखं, आत आणि वर. पोट, कुल्ले, मांड्या ढिल्या. श्वास चालू. आणि मग पूर्ण सोडायचं, सोडणं हा व्यायामाचा अर्धा भाग आहे. काही जणींचे हे स्नायू उलट सतत आखडलेले असतात, दुखतात, त्यांना आवळून उपयोग नाही, आधी सोडायला शिकावं लागतं, म्हणून एकदा कोणीतरी तपासलेलं बरं.

पाचपैकी दोन मार्क मिळाले. शून्य म्हणजे काहीच हलत नाही, पाच म्हणजे एकदम दणकट. दहावीनंतर एवढं वाईट वाटलं नव्हतं.

तिने समजावलं ते असं की पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत खाली स्नायूंची एक झोळी बांधलेली असते, बाळाची असते तशीच, आणि मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय सगळं तिच्यावर टेकलेलं. नऊ महिने ती वजन पेलते आणि बाळ बाहेर येताना ताणून ताणून पार सैल होते, चिमटा लावावा लागला असेल तर इजा व्हायची शक्यता आणखी जास्त. आता बागेतला पाइप फरशीवर ठेवून त्याच्यावर पाय दिला की पाणी थांबतं, तोच चिखलात ठेवून पाय दिला तर पाइप रुततो आणि पाणी चालूच राहतं. शिंक म्हणजे वरून पडलेला पाय. खाली फरशी आहे की चिखल, एवढाच प्रश्न. मला इतकं साधं कोणी सांगितलंच नव्हतं. अंगावर पाजताना शरीरात इस्ट्रोजेन कमी असतं त्यामुळेही तिथली जागा कोरडी आणि नाजूक राहते. आणि हो, सिझर झालं म्हणजे सुटका असं नाही, धोका कमी असतो पण नऊ महिने झोळीने वजन पेललेलंच असतं, आमच्या वहिनीचं सिझर आहे आणि तिला सातव्या महिन्यापासूनच शिंक आली की पाय आवळावे लागायचे. हे तिने मला आत्ता सांगितलं, मी माझं सांगितल्यावर.

ह्या व्यायामाला केगल म्हणतात, आर्नल्ड केगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांवरून, त्यांनी १९४८ साली ते मांडले. फिजिओ बोलली की आपल्या योगातला मूलबंध ह्याच्या खूप जवळचा आहे. हे ऐकून मी एकदम आईकडे गेले, म्हणजे मनाने. आई गेली पंधरा वर्षं योगाच्या क्लासला जाते. पंधरा वर्षं ती पहाटे सहाला मूलबंध लावतेय आणि तो कशाला उपयोगी पडेल हे तिला कोणी सांगितलं नाही, कारण तिने कोणाला विचारलं नाही, कारण तिला गाडी लागते.

आठ वेळा, दिवसातून तीनदा, कमीत कमी तीन महिने. आधी आडवं पडून, मग बसून, मग उभं राहून. मला सुरुवातीला तीन सेकंद पण धरवत नव्हतं, तिसऱ्याला स्नायू कधी सुटून जायचा कळायचंही नाही. दहा सेकंदांपर्यंत जायचं होतं. ते झालं की दहा झटपट, आवळ-सोड आवळ-सोड, कारण शिंक काही दहा सेकंद आधी निरोप पाठवत नाही. लघवी करता करता मधेच थांबवून प्रॅक्टिस करायची नाही हे तिने बजावून सांगितलं, मी नेमकं तेच करत होते. आणि एक युक्ती शिकवली जी मला सगळ्यात जास्त कामी आली, शिंक किंवा खोकला येतोय असं वाटलं की आधी आवळायचं आणि मग शिंकायचं. चिऊला उचलताना पण तेच, श्वास सोडत उचलायचं. बाकी बारीकसारीक, कमोडवर बसताना पायाखाली पाट, रात्री इसबगोल, पाणी परत आठ ग्लास, चहा दोनच (सासूबाईंना हे बाकी सगळ्यापेक्षा जास्त लागलं), आणि लागल्यावर लगेच न पळता आधी पाच मिनिटं, मग दहा, मग पंधरा असं थांबायला शिकायचं. पोट बांधायचा पट्टा मी एवढा कचकचून बांधत होते की सगळा दाब खालीच जात असणार, तो सैल केला. सासूबाईंना सांगितलं डॉक्टरांनी सांगितलंय.

सकाळची आठ चिऊला पाजताना, दुपारची आठ ऑफिसात लॉगिन होईपर्यंत, संध्याकाळची ऐरोली ते ठाणे. लेडीज डब्यात खिडकीजवळ उभी राहून मी तोंडावर अगदी साधा भाव ठेवून आवळते आणि सोडते, आणि कधी कधी आजूबाजूच्या बायकांकडे बघते, एखादी उगाचच समोर एकटक बघत असते, भुवई जरा ताणलेली. मला वाटतं, ही पण.

पहिला महिना काहीही फरक नाही. शून्य. सहाव्या आठवड्यात एकदा जोरात शिंकले आणि नंतर लक्षात आलं की अरे, काहीच झालं नाही. मग सर्दी झाली, आठवडाभर खोकला, आणि सगळं परत पहिल्यासारखं, मी बाथरूममध्ये बसून रडले. चौथ्या महिन्यात मानपाड्याचा खड्डा आला आणि गेला. अजूनही पळता येत नाही. सोसायटीच्या गरब्यात मी टाळ्या वाजवायला उभी होते, दांडिया घेतल्या नाहीत. पाचपैकी साडेतीन झालेत. एवढं करूनही नाही जमलं तर आत बसवायची रिंग असते, ऑपरेशन असतं, पण आत्ता त्याची गरज नाही म्हणाली, आणि ऑपरेशनचा विचार पुढचं मूल नको हे ठरल्यावर करतात शक्यतो. दिवाळीत मी गुलाबी पंजाबी ड्रेस घातला. खालचाही गुलाबीच.

मालिशवाल्या मावशींना फोन केला होता. नंबर बंद लागतो. कळव्याला त्यांची जाऊ राहते असं एका बाळंतिणीकडून कळलंय, बघते.

आईला सांगायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. भाऊबीजेला माहेरी गेले तेव्हा ती फराळाची ताटं भरत होती, मी बाजूला उभी राहून चकलीचे तुकडे मोडत मोडत सगळं सांगून टाकलं, झोळी, पाइप, आरती, मूलबंध. ती माझ्याकडे बघतच नव्हती, ताटात करंज्या ठेवत होती, काढत होती, परत ठेवत होती. शेवटी बोलली, "ती पैठणी ड्रायक्लीनला दिली होती, डाग गेला." मी बोलले बरं झालं. संपला विषय.

आणि काल रात्री साडेनऊला फोन. आधी चिऊ जेवली का, दात आला का, तिकडे पाऊस पडला का. मग आवाज एकदम खाली.

"ते आठ वेळा ना?"

"हो. आठ आठ, तीनदा."

"आणि मधे सोडायचं पूर्ण?"

"पूर्ण सोडायचं. श्वास नाही रोखायचा."

"मी रोखत होते एवढी वर्षं," आई बोलली. मग जरा वेळ काहीच नाही, नुसता टीव्हीचा आवाज. "बरं, बाबा आले. ठेवते."